लाईट विझवून मिळणार नाही

"अक्का, बाकी काय न्हाय, तेवढी लाईट घालवून द्या."

उचगावात आमचं गॅरेज आहे. तिथं येणारा माणूस गाडीचं दार पुरतं उघडायच्या आत हे वाक्य बोलतो. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचं एक पिवळं चित्र पेटतं, ती ही लाईट. चेक इंजिन. म्हणजे इंजिन तपासून घ्या. इतकं सरळ सांगणं आहे, पण ऐकणाऱ्याला तपासायचं नसतं, त्याला चित्र घालवायचं असतं. गाडी धुरानं काळी पडू दे, पेट्रोल ढोसू दे, चित्र गेलं की झालं.

शेवटी वैतागून मी पेंटरकडनं एक पाटी रंगवून घेतली आणि दाराच्या वर ठोकली. 'इथे लाईट विझवून मिळणार नाही. गाडी दुरुस्त करून मिळेल.' आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, खाली उभं राहून वाचत म्हणाले, "गिऱ्हाईक पळवायची पाटी हाय ही." काही पळाली. पळू देत. पाटी अजून तिथंच आहे, मधे एकदा नवा रंगही दिला.

या अंकासाठी कामाविषयी लिहा असं सांगायला जे आले होते, त्यांच्या बोलण्यात 'बाई असूनही' असं दोनदा आलं. ते मी तिथल्या तिथं काढायला लावलं. माझं माहेर शिरोळकडचं, जैन शेतकऱ्याचं घर. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, तेच नाव सासरी आलं आणि गिऱ्हाइकांनीही उचललं. आयटीआयला मी इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं. मालक कार्बुरेटरच्या काळातले, इंजिनाला कान लावून रोग ओळखणारे. गाड्यांत कॉम्प्युटर आले तेव्हा ते म्हणाले, "हे वायरींचं जंजाळ माझ्याच्यानं व्हायचं न्हाय." मी म्हटलं, "मग सरका." एवढीच माझी कहाणी. आणि एक सांगून ठेवते. आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो, करतो' असंच बोलतात. लिहिताना मी पुस्तकी लिहितेय, पण बोललेलं जसं बोलले तसंच ठेवणार आहे. कुणाला खटकलं तर खटकू दे.

लाईट लपवायचे एकेक प्रकार मी बघितलेत. एका गृहस्थांनी तिच्यावर टिकली चिकटवली होती. मी नखानं टिकली काढली, खाली लाईट टक्क पेटलेली. "ही कुणाची?" म्हटलं. "मंडळींची," म्हणाले. "मंडळींना परत द्या, कपाळ तिकडं हाय." वारणानगरच्या एकांनी गणपतीचा स्टिकर लावला होता. मी म्हटलं, "पावणं, तुमच्या गाडीचं दुखणं देवाच्या पाठीमागं कशाला लपवताय?" ते हसले, पण स्टिकर काढू देईनात. देवाला हात लावायचा नाही म्हणे. मग मी स्टिकरला नमस्कार केला आणि बॉनेट उघडलं.

हे परवडलं. ह्याहून वाईट म्हणजे काही मेकॅनिक त्या लाईटची वायर तोडून ऑईलच्या लाईटला जोडतात. गाडी चालू करताना दोन्ही पेटतात, दोन्ही विझतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, झालं काम. ह्याला मी कारागिरी म्हणत नाही. कण्हणाऱ्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि आता बरं वाटतंय म्हणून सांगायचं, त्यातला हा प्रकार आहे.

आता ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्कॅनर म्हणजे हातात मावणारं एक यंत्र. ते स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावलं की गाडीचा कॉम्प्युटर आपली तक्रार सांगतो. लक्षात ठेवा, तक्रार. रोग नाही. तो म्हणतो, "मला पेट्रोल कमी आणि हवा जास्त वाटतेय." का वाटतेय ते तो सांगत नाही, ते शोधायचं काम माणसाचं. कच्चा गडी तक्रार वाचतो आणि सुटे भाग बदलत सुटतो.

सायलेन्सरचं काम करून आणलेल्या गाडीत तर हे हमखास होतं. इंजिनातनं जळका धूर ज्या पाईपानं बाहेर पडतो, त्या पाईपात वरच्या बाजूला एक सेन्सर बसवलेला असतो. ते गाडीचं नाक. धुरात किती प्राणवायू उरलाय ते हुंगून तो कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर त्यावरनं पेट्रोल कमीजास्त करतो. आता ह्या नाकाच्या आधी पाईपाला केसाएवढी जरी फट पडली तरी घोळ होतो. धूर एकसारखा वाहत नाही, धक्क्याधक्क्यानं जातो. धक्का आला की फटीतनं धूर बाहेर, धक्का ओसरला की बाहेरची हवा आत. नाकाला ती हवा लागते. कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी ओततो, आणि लाईट पेटते. बिचारा सेन्सर खरं तेच सांगत असतो. पण सगळे मिळून बदलतात त्यालाच.

एवढं कळलं की पुढचं कळेल.

नवरात्रातली अष्टमीची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं गॅरेजवाल्यांचा तो मोठा सण. सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतंय, एक दिवस त्याला विसावा. म्हणून अष्टमीला सगळ्यांना गाड्या हव्या असतात आणि आमची पळापळ असते.

अशात कोडोलीचे एक सर आले. शाळेत शिकवणारे, सज्जन माणूस, पण चेहरा अगदी ओढलेला. गाडीत मागं त्यांची आई बसलेली, कपाळाला पदर घट्ट बांधून. आजींच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातनं तीनदा कोल्हापूरला आणून डायलिसिस करावं लागायचं, रक्त यंत्रातनं गाळून परत अंगात सोडायचं. शाळा सांभाळून सर हे सगळं एकटे करत होते.

"अक्का, उद्या गाडीची पूजा करायची आहे," सर म्हणाले. "तेवढी लाईट घालवून द्या. तीन ठिकाणी दाखवलं. सेन्सर नवा घातला, तोही परत बदलला. गाडी उत्तम आहे असं सगळेच म्हणतात. लाईट तेवढी राहिलीय."

मी पाटीकडं बोट दाखवलं.

"वाचली," सर म्हणाले. "पण माझ्याकडं वेळ नाही हो. परवा आईची डायलिसिसची पाळी आहे, आणि ती गाडीत बसायला तयार नाही. मागच्या वेळी आलीच नाही. डॉक्टर ओरडले. आज अक्षरशः हात जोडून आणली."

मागनं आजी बोलल्या, "ती लाईट लागली तवापासनं माझं डोस्कं फुटतंय. मळमळतंय. मी सांगतोय तर कुणी ऐकतच न्हाय."

"आई, गप बस जरा," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "तिला गाडी लागते. आधी लागत नव्हती, आता वयामुळं. आणि खरं सांगू का, डायलिसिस चुकवायला निमित्त पाहिजे असतं तिला."

ते वाईटपणानं बोलत नव्हते. दमलेला माणूस बोलतो तसं बोलत होते. पण आजींनी ऐकलं. त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं.

मी मागचं दार उघडून त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आजी, डोस्कं कवा दुखतंय? गाडी घाटवळणात गेली की?"

"न्हाय गं बाई. घरातनं निघायच्या आधीच."

"आणि आत्ता?"

"आता बरं हाय. उलट कोल्हापूर जवळ आलं की उतरतंय."

आता मला सांगा, गाडी लागणारं माणूस सुरुवातीला ठीक असतं आणि जसजसा रस्ता वाढेल तसं हैराण होतं. ह्यांचं अगदी उलटं. मी सरांना विचारलं, निघताना नेमकं काय काय करता. सरांनी सांगितलं. सकाळी गार असतं, म्हणून ते आधी आईला उचलून गाडीत बसवतात. गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडात. इंजिन चालू करतात, आईला ऊब मिळावी म्हणून ब्लोअर लावतात, काचा बंद करतात. मग आत जाऊन फाईल, डबा, औषधं घेतात, घर बंद करतात आणि निघतात. कोणताही चांगला मुलगा करील तेच.

मला एक शंका आली. आधी बघितल्याशिवाय बोलायचं नाही हा माझा नियम आहे.

गाडी रॅम्पवर घेतली. खालनं बघितलं तर इंजिनाजवळ नवा कोरा जाडजूड पाईप. हे काम कुणाचं ते विचारायलाही नको. दादू मिस्त्री. उद्यमनगरातला सायलेन्सरचा राजा माणूस. त्याचा वेल्डिंगचा जोड बघितला तर वाटावं की पाईप तसाच उगवलाय. आमची जुनी ओळख, एकमेकांकडं गिऱ्हाईक पाठवायचो. आणि कोल्हापूरच्या लोखंडवाल्याचा जो गुण तोच त्याचा दोष. आमच्या गावाला पातळ काम चालत नाही. नांगर असो, गुऱ्हाळाची कढई असो, दणकट पाहिजे. परत फुटायचं नाव नको.

पण गाडीच्या पाईपात, इंजिनापासनं थोडं खाली, एक वीतभर लवचिक तुकडा असतो. वरनं तारेची वीण असते त्याला. इंजिन सतत थरथरतं, सायलेन्सर मात्र गाडीच्या अंगाला टांगलेला. मधला हा तुकडा सगळे धक्के खातो, म्हणून बाकीचं शाबूत राहतं. तो झिजला, फुटला, की तसलाच नवा घालायचा. दादूला तो तुकडा बघितला की राग यायचा. "कंपनीनं कागदाचं काम केलंय," म्हणायचा, आणि तो कापून तिथं जाड लोखंडी पाईप ठोकायचा. "आता नातवापर्यंत बघायला नको." सरांच्या गाडीला त्यानं तेच केलं होतं.

मग धक्का जायचा कुठं? कुठं तरी फुटणारच. मी दिवा मारून बघितलं, हात फिरवला, साबणाचं पाणी मारलं. कुठं बुडबुडा नाही, आवाज नाही. गाडी कोडोलीहून तापून आलेली. तापलेलं लोखंड फुगतं आणि बारीक चीर असली तर मिटते. तीन गॅरेजांत ही गाडी तापूनच पोचली होती, म्हणून तिघांनाही ती उत्तम वाटली. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. घाईत आहेत एवढंच म्हणेन.

मी सरांना सांगितलं, "गाडी इथं ठेवा. थंड झाली की सकाळी बघतो."

"उद्या खंडेनवमी आहे. पूजा?"

"माझ्या दारात करा."

"अहो, स्कॅनरनं लाईट तर घालवा. मी दसऱ्यानंतर आणतो की परत."

"न्हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी द्यायची न्हाय मी. किल्ली माझ्याकडं हाय."

सर भडकले. त्यांचा आवाज चढला, माझा त्याहून चढला. मालक मधे आले, "अगं, गाडी त्यांची हाय." मी म्हटलं, "गाडी त्यांची हाय, पण आत आजी बसत्यात." सरांनी तिथनंच दादूला फोन लावला, ही बाई तुमच्या पाईपाला नाव ठेवते आणि गाडी देत नाही म्हणून. मला बरंच वाटलं. म्हटलं, येऊ दे तोही.

सरांची बहीण उचगावातच राहते. मायलेक रिक्षानं तिच्याकडं गेले. जाताना मी सरांना म्हटलं, "सकाळी आजींना घेऊन यायचं. त्या आल्याशिवाय मी गाडी चालू करणार न्हाय."

"तिला कशाला त्रास?"

"कारण तीन मेकॅनिकांना जे कळलं न्हाय ते त्यांना ठाऊक हाय."

आजींनी रिक्षातनं मान बाहेर काढून माझ्याकडं बघितलं. 

सकाळी मालकांनी पूजा मांडली. पाटावर लाल कापड, त्यावर नटबोल्टचे पाने, पक्कड, जॅक, माझा स्कॅनरसुद्धा, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची माळ. आरती झाली, नारळ फुटला. तेवढ्यात सर आजींना घेऊन आले. त्यांच्या मागोमाग मोटारसायकलवरनं दादू. नवा शर्ट, कपाळाला ठसठशीत गंध, आणि चेहरा लढाईला निघाल्यासारखा.

"कुठाय माझा जोड फुटलेला? दाखव."

"बस की आधी. प्रसाद घे."

"प्रसाद राहू दे. वीस गावात माझ्या कामाला नाव ठेवलेलं न्हाय कुणी."

गाडी आता गारठून पडली होती. मी बॉनेट उघडलं, आजींसाठी बाजूला खुर्ची टाकली आणि सरांना म्हटलं, चालू करा. इंजिन लागलं तसा बारीक आवाज यायला लागला. टिक टिक टिक. जणू कुणी पत्र्यावर नख आपटतंय. मालकांनी मान तिरकी केली. त्यांच्या कानाला सांगावं लागत नाही.

दादू म्हणाला, "इंजिनातलं टॅपेट वाजतंय. माझ्या पाईपाचा काय संबंध?"

तेवढ्यात आजी खुर्चीतनं उठल्या. सर धरायला धावले, त्यांनी त्यांचा हात बाजूला केला. बॉनेटपाशी आल्या, वाकल्या, आणि लगेच नाकाला पदर लावून मागं सरल्या.

"ह्योच," म्हणाल्या. "ह्योच वास. रोज सकाळी."

मी सगळ्यांना मागं घेतलं आणि गाडी बंद करायला लावली. मग सरांना समजावून सांगितलं. पुढच्या काचेच्या खाली बाहेरनं जी जाळी असते, तिथनं ब्लोअर बाहेरची हवा आत ओढतो. बॉनेटखाली धूर गळत असला तर तोच धूर गाडीत जातो. त्या धुरात एक वायू असतो, त्याला स्वतःला वास नाही, रंग नाही. तो रक्तात शिरला की डोकं दुखतं, मळमळतं, आणि जास्त झाला तर माणूस झोपतो तो उठत नाही. वास येतो तो सोबतच्या जळक्या धुराचा. बंद शेड, बंद काचा, ब्लोअर चालू. गाडी रस्त्याला लागून तापली की चीर मिटते, मोकळी हवा लागते, आणि आजींचं डोकं उतरतं.

सरांनी आईकडं बघितलं. मग म्हणाले, "मीच तिला आत बसवून दार लावत होतो. रोज. आणि ती बोलली की गप बस म्हणत होतो."  मला त्यांच्याकडं बघवेना, मी फडक्यानं हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

दादूला मात्र हे सगळं ऐकवत नव्हतं. "चीर दाखव," म्हणाला. "डोळ्यानं बघितल्याशिवाय मी मानत न्हाय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मीही मानलं नसतं. पण चीर असणार ती पत्र्याच्या संरक्षक झाकणाखाली, आणि ते झाकण दहा नंबरच्या बोल्टांनी आवळलेलं. दहा नंबरचा पाना पाटावर, झेंडूखाली.

मी पाटाकडं वळले तसे मालक आडवे आले. "न्हाय. आज न्हाय. उद्या दसऱ्याला सोनं लुटलं की पहिलं काम हेच कर. आज हत्यार उचलायचं न्हाय. माझ्या बापानं कधी उचललं न्हाय."

दादूही त्यांच्या बाजूनं. "एवढं तरी पाळ की, अक्का. मीबी आज मशीन चालू करत न्हाय."

मी दोघांना म्हटलं, "उद्या सकाळी आजींची पाळी हाय. त्या गाडीत बसायला भितात. का दुखत होतं ते त्यांना दिसलं न्हाय तर उद्या बसणार न्हाईत, कुठल्याच गाडीत बसणार न्हाईत. रक्त गाळणारं मशीन सण बघत न्हाय. बाजूला व्हा."

मालक हलले नाहीत. बत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला ढकलून पुढं जायचं म्हणजे सोपं नसतं. मी तिथंच उभी राहिले, तेही उभे राहिले.

आणि आम्ही वाद घालत असताना आजी हळूहळू पाटापर्यंत गेल्या. खाली बसायला त्यांना किती वेळ लागला. डायलिसिसच्या हाताला पट्टी बांधलेली, त्याच हातानं त्यांनी झेंडू बाजूला केले. "ह्यातला कुठला?" मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पाना उचलला, कपाळाला लावला आणि माझ्यापुढं धरला.

"घे," म्हणाल्या. "देवीला काय सांगायचं ते मी सांगतो. मला तिच्याकडं जायचंच हाय लवकर."

मालक बाजूला झाले.

पान्याला हळद-कुंकू तसंच होतं. मी बोल्ट सोडले, झाकण काढलं, दिवा धरला. इंजिनातनं पाईप जिथं निघतो आणि सेन्सर बसतो त्या गळ्यापाशी, अगदी वरच्या अंगाला, एक केसाएवढी चीर आणि तिच्यातनं निघालेला काजळीचा काळा ओघळ. आजींना जवळ घेऊन मी तो दाखवला. त्यांनी बोटानं काजळी पुसली, बोट सरांपुढं धरलं आणि म्हणाल्या, "निमित्त." एवढंच. सरांनी आईचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

दादू वाकून बघत राहिला. आपल्या जोडावरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझा जोड शाबूत हाय की."

"व्हय," मी म्हटलं. "तुझा जोड शाबूत हाय. शेजारचं सगळं फुटलंय. लवचिक तुकडा काढलास, धक्का खायला कुणी उरलं न्हाय."

तो मोटारसायकलला किक मारून गेला. प्रसादही घेतला नाही. ते मला लागलं. इतक्या वर्षांचा माणूस, आणि मी सणाच्या दिवशी, चारचौघांत, त्याच्या कामावर बोट ठेवलं होतं. पण दुसरं काय करायला पाहिजे होतं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मालकांनी स्वतःहून आपली जुनी जीप काढली. काचाच नाहीत तिला, सगळीकडनं वारा. आजी पुढं बसल्या, मोठ्या थाटात. मालक परत आल्यावर म्हणाले, "कोल्हापूरपतोर एकदा म्हणाली न्हाय डोस्कं दुखतंय. उलट मलाच गाणी म्हणून दाखवली." खंडेनवमीच्या पान्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

सण आटोपल्यावर सरांची गाडी दुरुस्त झाली. चिरलेला गळा बदलला, लवचिक तुकडा परत घातला, जोड दुसऱ्या मिस्त्रीनं मारला. दादूच्या हाताची सफाई त्याला नाही. गाडी न्यायला आले तेव्हा लाईट अजून पेटलेलीच होती. सर म्हणाले, "आता तरी स्कॅनरनं घालवाल ना?"

"न्हाय. मी घालवली तर तुम्हाला कसं कळणार की दुखणं गेलं? चालवा गाडी. ती स्वतःच स्वतःला तपासती. खात्री पटली की आपोआप विझती."

काही दिवसांनी कोडोलीहून फोन आला. पलीकडनं आजी. "अक्का, गेली बघ लाईट. पहिल्यांदा मलाच दिसलं. आणि ह्यो आता निघायच्या आधी मलाच विचारतोय, आई, डोकं कसं हाय, मग चालू करतोय." मागनं सरांचा आवाज आला, आई, पुरे की. "गप बस," आजी त्यांना म्हणाल्या.

दादू पुढं कितीतरी महिने माझ्याशी बोलला नाही. मग एके दिवशी एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, "दादू मिस्त्रीनं पाठवलंय. म्हणाला, अक्काकडं गाडी रात्रभर ठेव, थंड झाल्यावर बघून घे, मग मी हात लावतो." आता त्याच्या दुकानात लवचिक तुकडे टांगलेले असतात. कुणी म्हणालं, जाड पाईप टाका की, तर हाच शहाणा त्याला सांगतो, "कडक पाईप टाकायचा नसतोय. शास्त्र असतंय ते." जसं काही त्याला जन्मापासनं माहीत होतं. मी हसते आणि गप बसते. जमतं मला तेवढं.

आजी त्यानंतर बरीच वर्षं डायलिसिसला येत राहिल्या. एकही पाळी चुकवली नाही असं सर सांगायचे. खंडेनवमी पाळीला लागून आली तर वाट वाकडी करून आमच्या पूजेला यायच्या, पाटासमोर बसायच्या, आणि सगळ्यांच्या देखत विचारायच्या, "दहा नंबरचा कुठाय?" दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. किडनीनंच गेल्या, आपल्या वेळेला गेल्या, धुरानं नाही.

आमच्या गॅरेजात खंडेनवमीला अजून सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात. मालक एकेक मोजून ठेवतात, मग हात पुढं करून म्हणतात, "दहा नंबरचा दे."

तो माझ्या खिशात असतो. मी देत नाही.